आक्कांचा कॉल चालू आहे

आक्का आज सकाळी गेल्या. त्यांचा व्हिडिओ कॉल मी अजून कट केलेला नाही.

इतक्यात करणारही नाही.

आक्का म्हणजे कराडजवळच्या आमच्या वृद्धाश्रमातल्या हौसाआक्का. मूळच्या कडेगावकडच्या. मालक गेले, मुलगा फौजेतून रिटायर होऊन पुण्यात नोकरीला, गावातल्या घराला कुलूप. म्हणून इथं आल्या.

मी इथली मॅनेजर. मध्यंतरी आम्ही खोल्याखोल्यांत टॅब बसवले. एकदम स्मार्ट. नाव घेतलं की कॉल लावतो, गोळ्यांची आठवण करतो. कल्पना अशी, की म्हाताऱ्या माणसांनी मुलांशी भरपूर बोलावं, म्हणजे एकटं वाटणार नाही.

मुलं चांगली आहेत हो. पण कॉल ठरलेला. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवतो.

मग उरलेला दिवस आ वासून समोर.

एकदा आक्कांनी मला हाक मारली.
"म्याडम, ह्याच्यात आमची शालन येती का बगा."

शालनमावशी त्यांच्या गावाकडच्या शेजारीण. गुडघे गेलेले, आता घर सोडून कुठं जात नाहीत. सुनेच्या मोबाईलवर कॉल लागला. दोघी हसल्या, चार शब्द बोलल्या आणि गप्प झाल्या.

आक्का वाती वळायला लागल्या. तिकडं शालनमावशी शेंगा फोडत होत्या.

लग्न होऊन आल्यापासून दोघी दुपारच्या अशाच उंबऱ्यात बसायच्या म्हणे. आपापलं काम घेऊन.

पण आमचा टॅब पडला स्मार्ट. थोडा वेळ कुणी बोललं नाही की त्याला वाटायचं, माणसं उठून गेली. कॉल कट.

पुढं एकदा खोलीत डोकावले, तर आक्का वाती वळता वळता मधूनच "व्हय... व्हय..." म्हणतायत.

"आक्का, कुणाला व्हय म्हणताय?"

"ह्या डबड्याला. गप बसलं की फोन ठिवतंय."

आधी मला हसू आलं, मग राग. मैत्रिणीशेजारी बसायचं तर हजेरी द्यायची?

टॅब बसवणाऱ्या कुपवाडच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, बोलतच नाहीत तर चालू कशाला ठेवायचा? डेटा वाया जातो."

मी फोन सरळ आक्कांकडे दिला.

"आरं लेकरा, बोलायला कशाला लागतंय? ती तितं हाय, मी हितं हाय. तू तुज्या आईजवळ बसतोस तवा सारका बोलतच असतोस व्हय रं?"

संध्याकाळपर्यंत सेटिंग बदललं होतं.

तेव्हापासून आमच्याकडं दुपारी लाईन उघडी असते. कुणाच्या टॅबवर गावचा गोठा, कुणाच्या टॅबवर दोस्ताचं सलून. कुणी फारसं बोलत नाही. पण दुपार सरते, आणि जेवणं बरी जातात.

संस्थेच्या पुढच्या मीटिंगला विषय आलाय: कॉलला वेळेची मर्यादा घालावी.

घालून तर बघा. आक्कांच्या वातींची पिशवी मी टेबलावर ठेवणार आहे, आणि उठणार नाही.

आज सकाळी शालनमावशींना मीच सांगितलं, त्याच टॅबवरून. त्यांनी पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या.

मग म्हणाल्या, "तिला हिकडंच आनताय न्हवं?"

हो म्हटलं. मुलगा पुण्याहून पोचतोच आहे, माती गावातच होणार.

"मग तवर फोन ठिवू नगा. वाटंनं एकटी नगं."

टॅब पूर्ण चार्ज केलाय. गाडीत आक्कांच्या उशाशी ठेवणार, शेजारी मी. स्क्रीनवर शालनमावशी दिसतायत. आज पुढ्यात शेंगा नाहीत, हात नुसतेच मांडीवर.

त्यांच्या दारात गाडी थांबली की मगच कट करेन.

चला आक्का. शालनमावशी उंबऱ्यात येऊन बसल्यात.