मागच्या सीटवर कोण बसतं?

गेल्या रविवारी सांगलीला नवी गाडी घ्यायला गेलो होतो. मी आणि माझी बायको, वैशाली. घरची जुनी मोटारसायकल हल्ली रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त असते, म्हणून सुट्टीत आलोय तोवर नवी घेऊन टाकू असं ठरलं होतं.

आमचं गाव विट्याजवळ. इकडच्या बऱ्याच जणांसारखा मीही गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायचं काम... दुकान कोइमतूरला. वर्षातून एकदा, फार तर दोनदा गावी येणं होतं. घरी वैशाली आणि माझे वडील, आप्पा.

तिकडे रविवारी सकाळी दुकानासमोरून स्पोर्ट बाइकवाल्यांचा घोळका जातो. भट्टीपुढे उभा राहून कित्येक वर्षं तो आवाज ऐकतोय. एकदा तरी अशी गाडी आपल्या दारात उभी करायची, तीही लाल, हे डोक्यात पक्कं बसलेलं, घरीही बोलून दाखवलेलं... हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगीच नाही.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक लाल स्पोर्ट बाइक, हँडल खाली, मागची सीट उंच आणि तळहाताएवढी. दुसरी साधी, सगळ्या कामाची... लांब सीट, सरळ हँडल, दिसायला चारचौघींसारखी. मी लालवर जाऊन बसलोसुद्धा. वैशालीने फोटो काढला, "शोभताय की" म्हणाली.

सेल्समनने नेहमीचे प्रश्न विचारले. रोजचं रनिंग किती? मागे कोण बसतं का? मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं... गाडी माझ्या नावावर होणार होती, पण यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

वैशाली तोवर साध्या गाडीची मागची सीट हाताने दाबून बघत होती. जुनी गाडी ती गेली दोन-तीन वर्षं चालवतेय. "मी दिसाआड विट्याला जाती," ती सेल्समनला म्हणाली. "मागं सासरे असत्यात. त्यांचा उजवा हात धरत न्हाई. डाव्या अंगाला धरायला काय बसवून मिळंल का?"

मिळेल, असं तो म्हणाला. मी म्हणालो, "कुणाचा हात धरत नाही?"

तिने सीटवरचा हात काढून घेतला... बोलण्याच्या भरात बोलून गेली होती.

बाहेर चहाच्या गाड्यावर तिने सगळं सांगितलं. पावसाळ्यात आप्पांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. हलकाच होता, पण उजवी बाजू अजून पुरती आलेली नाही. मला फोनवर सांगितलेलं, बांधावरून पाय घसरला, मुका मार आहे... व्हिडिओ कॉलला आप्पा खुर्चीत बसलेले दिसायचे. आदल्या दिवशी गावी आल्यावर हातात काठी दिसली, तेव्हाही मला वाटलं त्या मारामुळेच असेल.

त्यांना विट्याला व्यायामासाठी न्यावं लागतं. येताना ते दमलेले असतात, मागे बसल्या बसल्या डोळा लागतो. म्हणून वैशाली त्यांना ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधून घेते.

आमच्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय येत नाही. आप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरल्याशिवाय कधी आत आले नाहीत. ती दोघं अशी बांधून घेऊन, साऱ्या गावादेखत विट्याच्या चौकातून जातात...

"मला का नाही सांगितलं?" मी चिडूनच विचारलं.

"आवं, तुमी भट्टीपुढं हुबं. हाताशी अ‍ॅसिड. ध्यान हिकडं लागलं आन् तिकडं काय झालं म्हंजे? एकाला सांभाळतीय. दोघांना कुठनं सांभाळू?"

बाप इकडे अर्ध्या अंगाने लुळा पडला होता आणि मी तिकडे स्पोर्ट बाइकचे व्हिडिओ बघत होतो. लाज वाटली. फार वाटली.

साधी गाडी घेतली. खोटं कशाला बोलू, निघताना लालकडे एकदा वळून बघितलंच.

आप्पा दारात वाट बघत होते. डाव्या हाताने त्यांनी गाडीला कुंकू लावलं, ते जरा फरकटलं. "तांबडी घेणार हुतास नव्हं रं? मग ही कशाला आणलीस?"

"हीच बरी वाटली," मी म्हणालो. आप्पांनी सुनेकडे बघितलं, तिने मान खाली घातली... "म्हंजे कळलं तुला," एवढंच म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना विट्याला मी नेलं. ओढणी कशी बांधायची ते वैशालीने दाखवलं. लय आवळली तर दम कोंडतो, सैल ठेवली तर कलंडत्यात... येताना आप्पा खरंच झोपले. त्यांचं डोकं माझ्या पाठीवर होतं. बापाच्या इतक्या जवळ मी जाणत्या वयात कधी गेलोच नव्हतो. गाडी तीसच्या वर नेली नाही, उसाच्या ट्रॅक्टरनेसुद्धा मला ओव्हरटेक केलं. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे जोरात चालवणं तसंही जमलं नसतं.

आज परत निघालोय. दुकान फार दिवस बंद ठेवता येत नाही आणि घर त्याच्यावरच चालतं. स्टँडवर सोडायला वैशाली आली होती. तिचे आभार मानायचं मनात होतं, पण आमच्याकडे नवरा-बायकोत ते कुणी मानत नाही.

मग मी नुसतंच बजावलं, इथून पुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. "बरं," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की पुढच्या वेळीही ही मला काही सांगणार नाही हे कळून चुकलं.

आणि तरी मी बसमध्ये चढलो.