दगड दिसल्याशिवाय

आमची शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या आणि एक बाई. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की आत जी खोरी आहेत, त्यांतल्या एका खोऱ्यात. शाळा गावठाणात होती आणि आमची वाडी समोरच्या डोंगराला. मधे पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. उन्हाळ्यात त्यात पाय भिजत नसत, पण पावसात घटकेत असा फुगायचा की सुटलेलं जनावर नेईल.

पऱ्याच्या मधोमध एक काळा दगड होता, बसलेल्या म्हशीसारखा. पावसाळ्यात आमची शाळा घड्याळावर सुटत नसे, त्या दगडावर सुटे. दगडाची पाठ पाण्याबाहेर दिसली तर घंटा. नाही दिसली तर सगळी शाळा बसून राहणार, गावठाणातली मुलंसुद्धा. त्यांना पऱ्या ओलांडायचा नसे, म्हणून त्यांचे आईबाप कुरकुरत. बाई म्हणायच्या, "शाळा एकच आहे. सुटेल तेव्हा सगळी सुटेल." बाई मूळच्या महाडच्या, चवदार तळ्याजवळ घर. गावात खोली घेऊन एकट्या राहायच्या. बोलणं कमी.

दगड बघून येण्याचं काम चौथीच्या मुलांकडे पाळीने असे. जायचं, बघायचं, येऊन सांगायचं. दिसतो किंवा नाय दिसत. "थोडा थोडा दिसतो" असं एकदा एक जण म्हणाला, तर बाईंनी त्याला परत पाठवलं होतं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. माझी पाळी होती आणि घरी आजा शेवटच्या घटकेला होता. सकाळी निघताना त्याने माझा हात धरून ठेवला होता, आईने सोडवला. दुपारी पाऊस कोसळला. मी दगड बघायला गेले तर पलीकडच्या काठावर काका उभा.

"चल गो लवकर! आजा तुझं नाव घेतोय!"

पाणी लाल होतं आणि दगड नव्हता. मी धावत शाळेत आले. बाईंना काकाची हाक खोलीपर्यंत ऐकू आली होती.

"दिसतो?"

"नाय दिसत."

"पुन्हा बघून ये."

पुन्हा गेले. काका गुडघाभर पाण्यात पुढे आला होता, हात लांब करून. "काय नाय होत, ये! मी धरतो ना!" तो धरेल असं मलाही वाटत होतं. मी परत फिरले आणि सांगितलं, "नाय दिसत." बाईंनी मला मनगटाला धरून आपल्या खुर्चीशेजारी बसवलं आणि वर्गाला तेराचा पाढा म्हणायला लावला.

दगड वर आला तेव्हा गुरं घरी परतत होती. मी पोचले तोवर आज्याला नेलं होतं. लाकडं भिजतील म्हणून थांबले नव्हते.

दहाव्याला बाई आमच्या घरी आल्या. आईने त्यांना बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. सरळ म्हणाली, "दिसतोय म्हणाली असती तर सोडली असती ना हिला?"

"सोडली असती," बाई म्हणाल्या. "मी स्वतः बघायला जात नाही. ती सांगेल ते."

आईने बाईंकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेतून सुटायला मला बरेच महिने लागले.

पुढच्या खेपेला माझी पाळी आली तेव्हा बाईंनी ती बदलली नाही.

शाळेने काय दिलं असं कुणी विचारलं की लोक मोठमोठे शब्द काढतात. मी ही पाळी सांगते. तिने माझं भलं केलं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दोन हजारनंतर आमच्या भागात एसटीच्या लाल गाडीवर बायका कंडक्टर दिसायला लागल्या, त्यांत मी एक. महाडच्या आगारात नवीन होते, अजून कायम झाले नव्हते. प्रशिक्षणात पहिली गोष्ट सांगतात ती घंटीची. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. कंडक्टरने डबल दिल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. हे मला कुणी समजवायची गरज नव्हती.

त्या दिवशी आमची गाडी महाडहून पोलादपूरवरून आतल्या गावांना निघाली होती. कशेडीला दरड आल्यामुळे हायवेवर ट्रकांची रांग, त्यात वेळ गेला. पुढच्या सीटवर तिशीतला एक माणूस बसला होता, मुंबईहून आलेला, हातात नुसती पिशवी. तिकीट फाडताना म्हणाला, "ताई, उशीर होईल का हो? अब्बा गेले पहाटे. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर माती द्यायची हाय. मी थोरला." मी म्हटलं, पोचू.

त्याच्या गावाच्या अलीकडे एक फरशी आहे, म्हणजे कठडे नसलेला बसका पूल. दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले दगड. आम्ही पोचलो तेव्हा वरून पाणी चाललं होतं. मी खाली उतरले.

"मास्तर, दगड दिसतायत?" ड्रायव्हरने विचारलं. कंडक्टर बाई असली तरी ड्रायव्हर मास्तरच म्हणतात.

"नाय दिसत."

"मग बसा." त्याने इंजिन बंद केलं.

तेवढ्यात समोरून एक डंपर आला, पाणी उडवत आरामात पार झाला. त्याचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, "काय नाय, गुडघाभर पन नाय! घ्या बिनधास्त!"

मी परत दारात चढले, तर गाडीत सुरू झालं.

"बघा, तो गेला ना?"

"म्हनून बाईमानूस नको कंडक्टर."

"अगो, पानी तुला खाताय काय? दे ना डबल!" हे एक म्हातारी म्हणाली, मांडीवर मासळीची पाटी घेऊन.

"तुमची मासळी टिकेल, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "बसा गप."

तो थोरला मात्र उठला. खाली उतरला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. पलीकडच्या झाडीतून मशिदीचा भोंगा ऐकू आला, असरची अजान. तो माझ्याकडे वळला. "ताई, डंपर गेला की."

"गेला. पण मला कडा दिसत नाहीत."

माझ्या हातात दोरी होती आणि ती दोनदा ओढायला काही लागत नाही. कदाचित आम्ही पार झालोही असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. तो येऊन आपल्या जागेवर बसला आणि पिशवी छातीशी धरली.

पाऊस ओसरला. एकेक करून पांढरी टोकं वर आली. मी दोन्ही कडा नीट बघितल्या आणि डबल दिली.

त्याच्या गावात शिरलो तेव्हा रस्त्याने माणसं परत येत होती, टोप्या घातलेली, हाताला ओली माती. तो दारात थांबला, त्यांच्याकडे बघत. मग उतरला. एकाने त्याला मिठीत घेतलं. मी डबल दिली. पुढच्या गावांची माणसं खोळंबली होती.

माझी तक्रार झाली. साहेबांनी बोलावून विचारलं, "डंपर जातो, तुमची गाडी का जात नाही?" मी म्हटलं, दगड दिसत नव्हते. माझं कायम होणं त्यामुळे काही काळ लांबलं.

बापाच्या चाळिसाव्याला तो पुन्हा माझ्याच गाडीत होता, बायको आणि लहान मुलीला घेऊन. मी तिकीट दिलं, त्याने घेतलं. फरशी आली. बारीक पाऊस होता, पुलावरून पातळ पाणी. ड्रायव्हरने सवयीने गाडी थांबवली. मी दाराशी जात होते, तोच तो मागून म्हणाला, "ताई, दगड दिसतात का?"

टोमणा होता की खरंच विचारत होता, मला कळलं नाही. त्याची मुलगी खिडकीशी बसली होती.

मी उतरून बघितलं. दिसत होते.

"दिसतात," मी वर चढून त्याला सांगितलं आणि दोरी दोनदा ओढली.