डोंगराच्या जोत्याचा दगड

आमच्या देवघरात टाकांच्या शेजारी एक गुलाबी दगड असायचा. काकडीच्या तुकड्यासारखा गोल. कॉलेजात असताना सरांनी दिलेला, सह्याद्रीच्या जंगलात फार खोल भोक पाडून काढलेला ग्रॅनाइट. मी आण्णांना, म्हणजे वडलांना, सांगितलं होतं, की आपला काळा कातळ लाव्हाचे थरावर थर साचून झालाय, तो वरचा; त्याच्याही खाली हा आहे, कितीतरी जुना. आण्णांनी दगड कपाळाला लावला. "म्हंजी डोंगराचं जोतं म्हन की," असं म्हणाले आणि नेऊन देवात ठेवला. मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

ती गंमत गेल्या उन्हाळ्यात अंगाशी आली. चाकणजवळचं आमचं गाव आता गोदामांच्या मधे अडकलंय. विहीर आटली, टँकर मनाला येईल तेव्हा येतो. शेवटी बोअर मारायचं ठरलं. पाणी लागलं तर आई-आण्णा घरात राहणार. नाही लागलं तर घराला कुलूप आणि दोघं माझ्याकडे, पिंपळे सौदागरला, सातव्या मजल्यावर. तिथं आण्णांचा जीव दोन दिवसांत गुदमरतो.

मी माण गावाकडे इमारतींच्या पायासाठी जमीन तपासते. कातळच माझं पोट भरतो. मी आधीच बजावलं होतं, "आण्णा, इथला कातळ घट्ट आहे, त्याला भेगा नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तूच म्हनलीस ना, खाली जोतं हाय? मग भीमाशंकरच्या रानातलं पानी मुरून जाईल कुठं? जोत्यावर थांबलं आसंल."

"अहो, तिथवर बोअरची गाडी पोचते तरी का! आणि तो काय हौद आहे?"

पालथ्या घड्यावर पाणी. बोअरची गाडी आली, नारळ फुटला. आईनं ताटात ओटी तयार ठेवली होती : खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू. आमच्याकडे पाणी लागलं की त्याची ओटी भरतात.

बोअरवाले खाली गेलेल्या प्रत्येक रॉडमागे निघालेल्या भुकटीचा वेगळा ढीग मांडत गेले. काळा, काळा, राखाडी. मग एकदम तांबडा, आणि ओलसर! आई उठून उभीच राहिली. मीही दोन पावलं पुढे सरकले, खोटं कशाला बोलू. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीत कधीकधी पाणी असतं. पुढचा ढीग काळा निघाला, कोरडा ठणठणीत. त्यापुढचेही तसेच.

"अंकल, बस करो अब," बोअरवाला म्हणाला.

"आजून. जोतं लागलं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "नाही लागणार! गाडीतले सगळे रॉड संपले तरी नाही लागणार! इथं पाणीच नाहीये, आण्णा!" सगळी भावकी ऐकत होती. आण्णांनी हातानं बोअरवाल्याला थांबायची खूण केली.

गाडी गेल्यावर ते आत गेले आणि देवातला दगड घेऊन आले. भोकाशी वाकले आणि सोडून दिला. आम्ही दोघांनी कान दिला. खालून कोरडा ठक्क आवाज आला.

"पोचला का गं जोत्यावर?"

तो आमच्याच घराच्या खाली, काळ्या कातळात पडला होता. "पोचला," मी म्हणाले.

आई ताट घेऊन तशीच उभी होती. "पदर धर," मला म्हणाली. मी ड्रेसवर होते, ओढणी पुढे केली. तिनं कुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ ओढणीत घातले.

"अगं, माझी कशाला?"

"म्हायेरची शेवटची हाय. तुझ्याच घरात ऱ्हाऊन तुझी वटी कुठली भरू मी?"

मग आण्णांकडे वळून तिनं विचारलं, "कुलूप कुठं ठिवलंय?"