शिवशंकरचा पारा

माकणीत दैवशालाला लोक 'मॅडम' म्हणतात. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मोजायच्या फंदात ती पडत नाही. उमरग्याच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे फळ्यापुढे उभं राहाल तेवढ्यापुरतं मास्तर. तास संपला की मास्तरकी संपली. अशी नऊ वर्षं गेली. तिनं शिकवलेली दोन पोरं कायम झाली, ही अजून हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर.

तिचा नवरा शिवशंकर दोन वर्षांपूर्वी हायवेवर मोटारसायकलवरून पडला. सोलापुरात महिनाभर दवाखान्यात होता. जगला. धरून चालतो, चार शब्द बोलतो, भरवलं तर जेवतो. पण मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा असते, अंगाची ऊब राखणारी, ती कामातून गेली. आता खोली तापली की तोही तापतो आणि खोली गारठली की तोही गारठतो. पौषात चौऱ्याण्णव, चैत्रात एकशे तीन. ना घाम, ना हुडहुडी.

दैवशाला दिवसातून सहा वेळा त्याच्या काखेत थर्मामीटर लावते. सुरुवातीला आकडा वाचताना तिला रडू यायचं. पुढे रडू थांबलं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही थांबलं. आकडा कमी आला की गोधडी, जास्त आला की ओलं फडकं. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. शेजारच्या बाया म्हणतात, काय धीराची बाई आहे! धीर कसला डोंबलाचा. बाई बधिर झाली होती, आणि बधिर माणूस लांबून धीराचाच दिसतो.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र घोटाळा झाला होता. सासू म्हाळसाबाई जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली, ताप उतरवण्याची तिची एकच रीत: तापाची गोळी द्यायची आणि दोन गोधड्यांखाली दाबून घाम काढायचा. दैवशाला कॉलेजात असताना म्हातारीनं लेकाचं अंग भाजतंय बघून तेच केलं. पारा एकशे पाचवर गेला. पोरगा हातचा जायचाच, थोडक्यात बचावला. म्हातारी आठ दिवस जेवली नाही.

तेव्हा दैवशालानं तिला समोर बसवून एकिडना नावाचा प्राणी सांगितला. एम.एस्सी.ला तिनं त्याच्यावर सेमिनार दिला होता.

"आत्या, ऑस्ट्रेलियात एक जनावर हाय. आपल्या साळिंदरावानी काटे. अंडी घालतं, आन् पिलाला दूध पाजतं."

"कोंबडीनं धार द्यावी तसं? काय बी सांगतीस व्हय!"

"खरंच. आपलं अंग अठ्ठ्याण्णव, त्येचं नव्वदीच्या आतबाहेर. घाम न्हाय त्येला. शास्त्रज्ञांनी त्येच्या मेंदूतल्या पाण्यात औषधं सोडून बघितली. मेंदूत जी आपसूक तयार व्हत्यात, तसलीच. त्यातलं एक आपल्या मेंदूत वाढलं की आपल्याला ताप चढतो. तापाची गोळी त्येलाच अडवती. त्या जनावरात तेच सोडलं, तर अंग उलटं गार पडलं."

"आन् आपल्या शिवाचं?"

"ह्यांचा मेंदू काहीच मागत न्हाय. ऊब वाढव म्हणत न्हाय, कमी कर म्हणत न्हाय. हा ताप न्हाय आत्या, ही नुसती हवेची गर्मी हाय. गोळीनं अडवायचं काय?"

म्हातारीनं चुलीकडं बघितलं. मग म्हणाली, "चूल हाय, लाकडं हायती, पर जाळ म्हागं-फुडं करनारी बाईच न्हाय." विद्यापीठात मोठमोठ्यांना तासभर लागतो ते म्हाळसाबाईनं एका वाक्यात उरकलं. त्या दिवसापासून, दैवशाला घरी नसली की, जाळ राखणारी ती बाई म्हणजे म्हातारीच. थर्मामीटरवरचे आकडे ती महिन्याभरात शिकली.

यंदा एप्रिलात धाराशिवच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं. जागा कायमची. दहा मिनिटं पाठ घेऊन दाखवायचा. पण त्यासाठी शिवशंकरला अख्खा दिवस म्हातारीवर सोडायचं, ते एप्रिलात. दैवशालानं कूलर भरला, पडदे ओढले आणि पहाटेच्या गाडीनं निघाली.

तिनं एकिडनाचाच पाठ घेतला. बोलली चांगली, तिला स्वतःलाच परक्या बाईचं बोलणं ऐकल्यासारखं वाटत होतं. समितीतल्या एका पोक्त प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, तेच रसायन आपला ताप चढवतं आणि त्याचा पारा उतरवतं. हे कसं?"

"रसायन नुसता निरोप नेतं, सर. तो ऐकून काय करायचं, ते ज्या-त्या शरीराचं."

"कळवू," ते म्हणाले.

बाहेर येऊन तिनं मोबाईल चालू केला. घरून पाच फोन येऊन गेले होते. शेवटचा साडेबाराचा, त्यानंतर एकही नाही. तिनं लावला, कोणी उचलला नाही. शेजारच्या गुंडाप्पाला लावला, तो लोहाऱ्याच्या बाजारात होता. "मॅडम, सकाळी धापासून लाईट गेली म्हनं गावातली," एवढंच तो सांगू शकला.

लाईट नाही म्हणजे कूलर नाही. मोटार बंद, म्हणजे नळालाही पाणी नाही. पत्र्याचं घर. हिशोब तिला पाठ होता: दुपारी दोनपर्यंत एकशे सहा. पुढचं सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही.

एसटीत खिडकीशी बसून ती रडू येण्याची वाट बघत राहिली. आलं नाही. तो गेला असेल, असं तिनं मनात स्पष्ट म्हणून बघितलं. तरी काही नाही. आणि मग अगदी हळू आतून एक शब्द आला: सुटले. ती दचकली नाही. शेजारच्या बाईनं खारे शेंगदाणे पुढं केले, ते तिनं घेतले आणि खाल्ले.

माकणीत उतरली तेव्हा ऊन कललं होतं. घरात शिवशंकर नव्हता. परसात मेंढरं कोंडायचं जुनं वाडगं होतं, निंबाच्या सावलीत. त्याला चारी बाजूंनी ओली पोती टांगलेली होती. आत ओल्या मातीवर शिवशंकर पडला होता आणि तिला बघून चक्क हसला. तिनं सवयीनं थर्मामीटर लावलं. नव्व्याण्णव.

हापशापासून वाडग्यापर्यंत भर उन्हात सांडलेल्या पाण्याची ओळ होती. किती खेपा, देवाला ठाऊक. त्या ओळीच्या या टोकाला, पोत्यांच्या पलीकडं, म्हाळसाबाई कुडाला टेकून बसली होती आणि कुठल्याशा मेंढराला हाका मारत होती. वाडग्यात तर तीन वर्षांत मेंढरू नव्हतं.

"आत्या?"

म्हातारीनं ओळखलं नाही. दैवशालानं हात धरला तर तो तव्यासारखा. थर्मामीटरवर एकशे पाच आलं. दोन वर्षं सहा-सहा वेळा पारा बघणाऱ्या या बाईनं सासूला तो एकदाही लावला नव्हता. म्हातारीची ती बदामाएवढी जागा शाबूत होती ना! पण शाबूत जागा तरी काय करणार, घामाला अंगात पाणी नको?

दैवशालानं टांगलेली पोती ओढून तिच्यावर टाकली, घागर ओतली, ओरडून गल्ली गोळा केली. तेवढ्यात गुंडाप्पाचा पिकअप आला. शिवशंकरपाशी त्याची बायको बसली, आणि ही सासूला मांडीवर घेऊन, वाटभर ओल्या पदरानं पुसत, तालुक्याच्या दवाखान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाईनं नीट डोळे उघडले.

"शिवा?"

"बरे हायती. लाईट आली."

"तुजा पाठ?"

"झाला."

सलाईनचे थेंब पडत होते. दैवशालाला सांगायचं नव्हतं, तरी ती बोललीच. "आत्या, काल एसटीत मला वाटलं, गेले आसतील ते. आन् मला सुटल्यावानी वाटलं."

असं त्याच्या आईपुढं बोलल्यावर थोबाडीत बसायची. ती बसावी असंच तिला वाटत होतं.

"मला बी वाटलं की," म्हातारी म्हणाली. "फोन लावून लावून दमले, मंग हापशावर गेले तवा. म्हनलं, बसावं हितंच सावलीला घटकाभर. त्ये बी सुटंल, तू बी सुटशील." तिनं सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. "पर घागर भरली की पाय घराकडंच वळायचे. म्या काय करू त्येला?"

दैवशालाला लाज वाटली. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. आणि लाज वाटतेय याचंच तिला इतकं बरं वाटलं, की नर्सबाई दोनदा "बाहेर व्हा" म्हणाली तरी ती सासूच्या पायाशी रडत बसून राहिली.