मामाची आंबट कढी

मामाला आंबट मुळीच सोसत नसे. पानात लिंबाची फोड दिसली तरी त्याचा एक डोळा आपोआप मिटायचा. आणि त्याच मामाने मालवणच्या आमच्या घरात दोन वर्षं अशी कढी रांधली, की जेवताना आमचेही डोळे मिटत.

आईला क्षय झाला आणि तिला घाटावरच्या इस्पितळात नेलं, तेव्हा मी सात वर्षांची होते, शालू दीडची. वडील मुंबईला नोकरीत. पोरांना आईकडे न्यायची बंदी होती. मामा सडाफटिंग. धामापूरच्या घराला कुलूप घालून, एक ट्रंक आणि एक भांडखोर कोंबडा घेऊन तो आमच्याकडे राहायला आला.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "तुझी आवस कढीत सोलां किती घालता गो?" आमसोलांच्या बाबतीत आईचा हात फार सढळ, वडील त्यावरून तिला चिडवत. मी मूठ दाखवली. मामाने कपाळाला हात लावला आणि मूठभर सोलं बांगड्याच्या कढीत टाकली. स्वतः मात्र पेजेवर भागवलं.

माझी वेणीही तो आईसारखी करकचून घाली. मी कळवळले की म्हणे, "तुझी आवस हळू केस वडी काय?" मग मला आई इतकी आठवे, की वेणी दुखते म्हणून रडून घ्यायची सोय होई.

शेजारची काकी हसायची. "एवढ्याश्या पोराक काय कळता रे?" मामा त्याच आंबट कढीत शालूचा भात कालवत म्हणायचा, "पोर आवशीचा तोंड इसारात. जीब इसारूची नाय." पण धास्ती त्यालाही होती. एकदा शालूने त्यालाच 'आये' म्हणून हाक मारली. "आये नाय गो, मामा. आये येतली," असं म्हणून तो परसात गेला आणि बराच वेळ माडांना पाणी घालत राहिला.

आई परतली ती निम्मी होऊन. शालू किंचाळून मामाच्या पाठीमागे लपली. आईने पुढे केलेले हात तसेच राहिले. मला तर कुणाकडे बघावं तेच कळेना. मामा एवढंच म्हणाला, "बाय, आदी कढी कर."

दुपारी आईने शालूला घास भरवला. शालूने डोळे मिटले, ओठ चाटले आणि पुन्हा तोंड उघडलं. चारदोन घासांत ती आईच्या मांडीवर होती.

दुसऱ्या सकाळी शालू उठायच्या आत मामा निघून गेला. कोंबडा तिच्यासाठी ठेवून गेला.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत मी धामापूरला गेले. एवढ्या घरात तो एकटाच. त्याने पान वाढलं. पहिल्याच घासाला माझे डोळे मिटले.

"मामा, आता इतकी सोलां कोणासाठी? तुका तर सोसना नाय."

तो आपल्या भातावर तीच कढी ओतून घेत होता. "सोसना नाय गो," तो म्हणाला. "पण अशी केली काय, तुमी दोगी हयच आसात असा वाटता."

आणि एक डोळा मिटून तो जेवत राहिला.