लोधीपुऱ्यातला हत्ती

आज सकाळी आमचा हत्ती गेला.

जिराफ, पाणघोडा, अस्वल, सगळे एकदमच गेले. म्हणजे माझी शकूआत्या गेली.

लोधीपुऱ्याच्या गल्लीत माझ्याबरोबर वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितेय.

आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर प्राणिसंग्रहालयातल्या बोलक्या प्राण्यांचं कार्टून लागायचं. पाऊस कसा पडतो, दात का किडतात, असलं काहीबाही शिकवणारं. सगळं इंग्रजीत.

गल्लीत टीव्ही फक्त आमच्याकडे. आणि इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, आत्याला तर नाहीच.

ती सरळ आवाज बंद करायची आणि स्वतः बोलायची.

तिचा जिराफ बुधवाऱ्याच्या बाजारातल्या दुकानदारासारखा हिंदी बोलायचा. "भाईसाब, ऊपर का मौसम बढ़िया है."

पाणघोडा खानदेशी. "माले झोप यी राहिनी, तूच शिक."

हत्ती मात्र आमच्या घरच्यासारखा बोलायचा. जाड आवाजात, सावकाश.

त्या काळात टीव्ही येता-जाता सांगायचा की आपण सगळे एक आहोत. आम्हाला ते शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतून तीन भाषा बोलणाऱ्या त्या प्राण्यांमुळे आधीच पटलेलं होतं.

लाईट तर हमखास जायची. स्क्रीन काळी पडायची, पण आत्या थांबायची नाही. आम्ही काळ्या काचेकडे बघत बसायचो. एकही पोर उठायचं नाही.

एकदा पेपरात प्रश्न आला, पेंग्विन कुठे राहतो?

आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांनी लिहिलं, तापीपल्याड, जैनाबादला. आत्याचा पेंग्विन तिथलाच होता.

गुरुजी तक्रार घेऊन घरी आले. आत्या त्यांना चहा देत म्हणाली, "गुरुजी, थंडीत तिकडे एकदा जाऊन तर पाहा."

पुढच्या रविवारी गुरुजी सतरंजीवर मागे बसले होते. पाणघोड्याला सगळ्यात जास्त तेच हसले.

कार्टून संपलं की हत्ती दरवेळी एकच वाक्य बोलायचा.

"चला रे पोरांनो, घरी जा आता. माय वाट पाहून राहिली."

मग आम्ही उठायचो. त्याआधी नाही.

लग्न होऊन वर्षाच्या आतच आत्याचा नवरा गेला. ती माहेरी परत आली तेव्हा तिची माय, म्हणजे माझी आजी, सकाळपासून दारात उभी होती म्हणे. पुढे आजीही गेली. आत्याने हत्तीचं वाक्य बदललं नाही. फक्त 'माय' म्हणायच्या आधी जरा थांबायची.

मागच्या वर्षी तिला स्ट्रोक आला. वाचा गेली.

इतके आवाज होते त्या बाईकडे. एकही उरला नाही. देवाचा मला फार राग आला, अजून आहे.

गेल्या आठवड्यात इंदूरहून तिला भेटायला गेले. मोबाईलवर ते कार्टून सापडलं होतं, ते तिच्यासमोर धरलं. तिने थोडा वेळ पाहिलं आणि चांगल्या हाताने माझं मनगट दाबलं. मला कळेना. मग कळलं, आवाज बंद कर म्हणतेय.

मी म्यूट केलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी बोलायला लागले. जिराफ जमला. पाणघोड्याला ती तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसली. हत्ती काही केल्या जमेना. ती मान हलवायची, नाही, नाही, अजून जाड. घसा बसेपर्यंत तिने माझ्याकडून तालीम करून घेतली.

शेवटी जमला. तिने डोळे मिटले.

कार्टून संपत आलं. हत्तीचं शेवटचं वाक्य राहिलं होतं.

ती वाट बघत होती, मला कळत होतं. पण माझ्याच्याने ते बोलवेना. मी मोबाईल बंद केला आणि म्हटलं, "आत्या, बाकीचं पुढच्या रविवारी."

ती काही उठून जाणार नव्हती. हत्ती सांगेपर्यंत उठायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं.

आज रविवार आहे. मी पोचायच्या आत ती गेली.

दुपारी तापीवर सगळे नमस्कार करून मागे सरले. गल्लीतली ती पोरं होती, आता केस पिकलेली. मी पुढे गेले. आवाज जाड केला. चांगला जमला, आत्या. तू मान हलवली नसतीस.

चल, घरी जा आता.

माय वाट पाहून राहिली.