टेकडीवरच्या कंदाची जागा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

धानोऱ्याकडच्या एका गावात वनस्पतींच्या सर्वेक्षणाला गेलो होतो. तिथे बाळंतिणींना औषध देणाऱ्या एक बाई मला टेकडीवर घेऊन गेल्या. त्यांनी एक औषधी कंद उकरला. मग खालचा तुकडा तेवढा कापून घेतला आणि कोंबाचा भाग पुन्हा मातीत ठेवून तळव्याने थोपटला.

"फोटो काढ भाऊ," त्या म्हणाल्या, "पण जागा कोणाले सांगू नोको. हे गावाचं हाय, मी एकली कोन देणारी?" मग हसून म्हणाल्या, "तुह्या मोबाइलचं तोंड बंद राह्यते ना?"

"राहतं, बाई," मी म्हणालो.

फोटोसोबत ठिकाण आपोआप नोंदलं जातं, हे मला ठाऊक होतं. आमच्या सर्वेक्षणाचा नकाशा भरगच्च दिसावा म्हणून मी ते काढून टाकलं नाही. पुढे तो नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला.

दुसऱ्या वर्षी गेलो, तर टेकडीवर नुसते खड्डे. एकही कोंब कुणी परत लावला नव्हता. बाई एका खड्ड्यात माती लोटत होत्या.

"भाऊ, कंद खनून नेनाऱ्या व्यापाऱ्याले जागा कोनं सांगतली असन? गावातले मलेच बोलून राह्यले."

"काय माहीत," मी म्हणालो.

नकाशावरून ती जागा मी पुसली. पण त्या गावासमोर उभं राहून, बाईंना नाही, मला दोष द्या, एवढं सांगणं अजून बाकी आहे.